न्यूट्रल कुणी मागितलं

काकांना "सगळं ठीक आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. कुणी विचारलंच, तर कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "ठीक आहे असं कोण म्हणतो? अजून काही सापडलेलं नाही, इतकंच." हेच उत्तर ते आमच्या कारखान्यातल्या आगीच्या बंबाबद्दल द्यायचे, स्वतःच्या रक्तदाबाबद्दल द्यायचे आणि मुलीच्या संसाराबद्दलही द्यायचे. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती आणि चांगली सुखात होती. काकांच्या लेखी ते सुख अजून तपासून व्हायचं होतं.

ते माझे सख्खे काका नव्हेत. बडोद्याबाहेरच्या ज्या केमिकल कारखान्यात मी नोकरी करते, तिथे ते वाहनांच्या इलेक्ट्रिक कामाचे इन्चार्ज होते. बाकी सगळे त्यांना 'साहेब' म्हणत. आमच्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी 'काका' म्हणू लागले आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. त्यामुळे बंबाशी त्यांचं नातं यंत्राचं नसून घोड्याचं होतं. सकाळी आल्या आल्या ते आधी शेडमध्ये जाऊन बंबाच्या अंगावर हात ठेवत, खाली वाकून पोटाकडे बघत, आणि मगच चहाला तोंड लावत. "आमच्या घरात जनावराला वैरण पडल्याशिवाय कुणी घास घेत नसे," असं सांगत. ते जनावर आता डिझेल पितं, एवढाच काय तो फरक.

माझं काम फायर कंट्रोल रूममध्ये बसायचं. लाल फोन वाजला की उचलायचा, कुठे काय पेटलंय ते ऐकायचं, भोंगा वाजवायचा, आणि समोरच्या काचेतून बंब शेडबाहेर पडतोय का ते बघायचं. सांगायला सोपं आहे. पण फोन उचलल्यापासून बंबाची चाकं हलेपर्यंतचा जो वेळ असतो ना, तो ज्यानं काढलाय त्यालाच कळेल. 

त्यात बंब जुना. कधीकाळी परदेशातून आणलेल्या ट्रकवर बांधलेला, आणि गिअर आपोआप बदलणारा. त्याला क्लच नाही, गिअरचा दांडाही नाही. ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी एक छोटीशी पट्टी, तिच्यावर बटणं आणि कुठला गिअर लागलाय त्याचं अक्षर दाखवणारी काच. 'डी' दाबलं की गाडी पुढे, 'आर' दाबलं की मागे, 'एन' म्हणजे न्यूट्रल, जागच्या जागी. बटणाचा निरोप तारांमधून आत एका कंट्रोलरकडे जातो आणि तो गिअरबॉक्सला हुकूम देतो. हे मला काकांनीच शिकवलं. शिकवून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे बघ, पूर्वी हात आणि गिअर यांच्यामध्ये एक लोखंडी दांडा होता. आता सगळा ऐकीव कारभार आहे. मधल्या मध्ये कुणी निरोप बदलला तर?" त्या दिवसापासून माझ्या काळज्यांत आणखी एकीची भर पडली.

काळजी हा काकांचा पिढीजात धंदा असावा असं मला वाटे. त्यांच्या खिशात रुमालाआधी एक टेस्ट लॅम्प असायचा, म्हणजे दोन तारा जोडलेला छोटा बल्ब. मीटरवर त्यांचा विश्वास कमी. "मीटर आकडा दाखवतं. बल्ब पेटला तर त्या तारेत काम करायची ताकद आहे हे कळतं. बोलणारे फार, काम करणारे कमी." डबा ते अकरालाच उरकायचे, कारण त्यांच्या मते अपघात जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसतात. कारेलीबागेत त्यांच्या सोसायटीला लिफ्ट होती, पण मी त्यांना कधी लिफ्टनं जाताना पाहिलं नाही. दर रविवारी मांडवीत जाऊन जुन्या सामानाच्या दुकानांतून कनेक्टर, फ्यूज, तारांचे तुकडे उचलून आणत. काकूंनी एकदा मला हळूच सांगितलं, "दागिन्यांच्या कपाटात दागिने एका कप्प्यात आहेत, बाकी सगळे ह्यांचे फ्यूज."

मांजलपूरला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला काका-काकू आले. देवाला नमस्कार करायच्या आधी काका मीटरच्या खोक्यापाशी गेले आणि प्रत्येक स्विचला पालथा हात लावून बघू लागले. मग पूजेला बसावं तसे एका स्विचपाशी स्टूल ठेवून तिथेच बसले. माझ्या सासूबाईंनी जिलबीचं ताट तिथेच नेऊन दिलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिसरा थोडा गरम लागतोय. झोपताना बघत जा." नवरा हसला. मी मात्र अजूनही झोपताना त्याला हात लावून बघते.

बिघाडांची त्यांनी दोन जातींत वाटणी केली होती. "कायमचा बिघाड सज्जन असतो गं. दारात उभा राहून सांगतो, मी आलोय. अधूनमधून येणारा बिघाड म्हणजे भुरटा चोर. तुम्ही दिवा घेऊन गेलात की हा पसार. लोक म्हणतात, चोर नव्हताच, तुम्हालाच भास झाला."

आणि आमच्या बंबाला नेमका हाच भुरटा लागला.

बंबाचे ड्रायव्हर रमणभाई. काकांच्या अगदी उलट स्वभावाचा माणूस. काहीही झालं तरी "थशे हवे," होईल आता, असं म्हणून तंबाखू मळणारा. दोघांचं रोज भांडण. काका म्हणायचे, "ह्या माणसाला काळजी कशी वाटत नाही, याचीच मला काळजी वाटते." पण बंब दुसऱ्या कुणी चालवायला घेतला की काका त्याला केबिनमधून खाली उतरवायचे. रमणभाई कॉन्ट्रॅक्टवर होते. काढायचं म्हटलं तर उद्यापासून येऊ नका एवढं सांगितलं की पुरे.

भाद्रपदातली एक दमट सकाळ होती. मोठ्या साहेबांनी न सांगता मॉक ड्रिल ठेवलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे लाल फोन वाजला तो माझ्यासाठी खराच. मी भोंगा वाजवला. रमणभाई पळत जाऊन केबिनमध्ये चढले. इंजिन सुरू झालं. बंब हलला नाही. इंजिनाचा आवाज वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला, आणि बंब आपला तिथेच.  रमणभाईंनी इंजिन बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा बंद करून पुन्हा लावलं, आणि मग कधीतरी बंब निघाला. तोवर शेडच्या कोपऱ्यातून मोठे साहेब हातात घड्याळ घेऊन बाहेर आले होते.

गिअरबॉक्सच्या एजन्सीचा इंजिनिअर आला. त्यानं लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, गाडीत काही दोष नाही. कंट्रोलरकडे नोंद होती की त्या सगळ्या वेळात न्यूट्रलच मागितलं गेलं होतं. म्हणजे ड्रायव्हर घाबरला, डीऐवजी एनवर बोट ठेवून बसला आणि वर ॲक्सिलरेटर दाबत राहिला. "मशीन झूठ नहीं बोलती," तो म्हणाला.

"में डी ज दबाव्युं हतुं, साहेब," रमणभाई म्हणाले. मी डीच दाबलं होतं. एकदाच म्हणाले, आणि त्या दिवशी तंबाखू मळली नाही.

मोठ्या साहेबांनी मीटिंगची तारीख ठरवली आणि तोवर रमणभाईंनी बंबाला हात लावायचा नाही असं सांगितलं. मीटिंगमध्ये काय होणार हे कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्यालाही माहीत होतं. मला झोप लागेना. चूक रमणभाईंची असेल तर रमणभाई जाणार होते. आणि नसेल, तर तो भुरटा अजून शेडमध्येच होता, आणि लाल फोन माझ्या टेबलावर.

काकांनी आधी रमणभाईंना भरपूर झापलं. "डी आणि एन ओळखता येत नाही? चष्मा लाव!" मग शेडचं दार ओढून घेऊन कामाला लागले. बॅटरीची टोकं घासली. चेसिसला जिथे जिथे अर्थिंगची तार बांधली होती तिथला रंग खरवडून ती पुन्हा आवळली. गाडीखाली आडवे होऊन गिअरबॉक्सकडे जाणारी तारांची जुडी वीत-वीत हलवत गेले, आणि वर दुसऱ्या ड्रायव्हरला डी दाबायला लावलं. प्रत्येक वेळी डीच लागलं. बल्ब लख्ख पेटायचा. बंब गुणी बाळासारखा वागत होता. काका दिवसेंदिवस काळे पडत चालले. "सापडत नाहीये," म्हणायचे. "नसता तर बरं झालं असतं. आहे आणि सापडत नाहीये."

"रमणभाईंची चूक असेल का हो, काका?" मी भीत भीत विचारलं.

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं. "तो आळशी आहे, गबाळा आहे, माझं एक ऐकत नाही. पण त्याचं बोट चुकत नाही. गाडी खोटं बोलत नाही, कबूल. पण गाडीच्या कानात कुणी काय सांगितलं, ते नको बघायला?"

मीटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. "पोरी, साक्षीला ये. आणि रमणला घेऊन ये. हात लावायचा नाही सांगितलंय ना? मी सांगतो हात लाव. जे होईल ते माझ्या डोक्यावर." बंबाच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले. केबिनमध्ये कँटीनची चहाची मोठी किटली, वाफा सोडणारी, झाकण काढून ठेवलेली. काचा गच्च बंद. ड्रिलच्या दिवशी हवा कशी होती हे काकांना एकाएकी आठवलं होतं, आणि गेल्या सगळ्या दिवसांत कोरडं ऊन पडलेलं.

त्यांनी रमणभाईंना ड्रायव्हरच्या सीटवर चक्क मांडी घालून बसवलं. "पाय वर. आता कोण म्हणतो ॲक्सिलरेटर दाबला, बघतो!" शेजारी स्वतः मांडी घातली. इंजिन चालू, दोघं आत घामानं निथळतायत, काचांवर वाफ, आणि मी बाहेर पायरीवर उभी राहून दाराच्या फटीतून बघतेय. देवळात सत्यनारायणाला बसलेल्या दोन यजमानांसारखे ते दिसत होते. हसायला यायला हवं होतं, पण मला रडू येईलसं झालं होतं.

"दाब."

रमणभाईंनी डी दाबलं. पट्टीवर डी उमटलं. किटलीची वाफ येतच होती. काकांनी एन दाबायला लावून पुन्हा डी. पुन्हा उमटलं. असं होत होत एकदा रमणभाईंनी डी दाबलं आणि पट्टीवरचा एन हललाच नाही. बोट डीवर, अक्षर एन. रमणभाईंनी बोट काढून पुन्हा दाबलं. एन. बोट तसंच दाबून धरलं. एन.

"बघितलंस?" काका ओरडले. "बघितलंस का? बोट कुठे आहे सांग!"

"डीवर," मी म्हणाले. 

"आतल्या आत कुणीतरी एन दाबून धरलंय. ह्याचं बोट डीवर असताना!"

इंजिन बंद करून त्यांनी ती पट्टी स्क्रू काढून उघडली. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पट्टी उलटी केली आणि उजेडात धरली.  मीही वाकून पाहिलं. एनच्या बटणामागे, जिथे पितळी काँटॅक्ट असतात तिथे, गुलाबी-लाल पुटं साचली होती. चिकट, एकावर एक. आणि त्या पुटात रुतलेला तांदळाचा एक दाणा. कुंकू लावलेली अक्षता.

दसऱ्याला बंबाची पूजा काका करत. दुसऱ्या कुणाला करू देत नसत. घरी खंडेनवमीला पणजोबांच्या तलवारीची पूजा करून दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात यायचे, बंबाला हार घालायचे, चाकापाशी नारळ फोडायचे. पण गिअरचा दांडा नसलेल्या गाडीत हात जोडायचे कुठे? तर बटणांना. प्रत्येक बटणावर ओल्या कुंकवाचं बोट, वर अक्षता, वर नारळाचं पाणी शिंपडायचं. एन मधोमध, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त. नंतर वरून पुसून घ्यायचे, अगदी नीट. आत झिरपलेलं कुणाला दिसणार? वर्षानुवर्षं ते आत वाळत गेलं, आणि दमट हवेत ओलावा धरून वीज वाहू लागलं. बिचाऱ्या कंट्रोलरला वाटलं, माणूसच न्यूट्रल मागतोय.

 रमणभाईंनी किटली उचलून खाली ठेवली आणि म्हणाले, "जवा दो ने, साहेब." जाऊ द्या हो. हे ऐकून काका अधिकच खचले.

संध्याकाळी घरी निघताना मी त्यांना गाठलं. सारखं एकच डोक्यात घोळत होतं. "काका, पट्टीत ओल गेली होती एवढंच सांगा. खोटं तर नाहीच ना ते. रमणभाई सुटतील आणि तुमचंही..."

"ओल म्हटलं की विचारतील, केबिन कोण धुतं? केबिन रमण धुतो. म्हणजे ओल त्याचीच." ते स्कूटरचं हँडल घट्ट धरून उभे होते. "आणि मी त्याला म्हणालो होतो, चष्मा लाव."

मीटिंगला मी साक्षीदार म्हणून होते. मोठे साहेब, एजन्सीचा इंजिनिअर, भिंतीशी उभे रमणभाई. काकांनी पट्टी टेबलावर उलटी ठेवली. बोलताना त्यांचा आवाज कापत होता, आणि तो घाबरल्यामुळे कापत होता, हे मी लपवणार नाही. जन्मभर ज्या माणसानं बिघाडाची भीती बाळगली त्याला आज सांगायचं होतं की बिघाड मीच. त्यांनी सगळं सांगितलं, वाफेची किटली, मांडी, तांदळाचा दाणा. शेवटी म्हणाले, "साहब, ड्राइवर ने डी माँगा था। न्यूट्रल मैंने माँगा। हर दशहरे को, अपने हाथ से।"

साहेबांनी पट्टी उचलून तो दाणा बघितला. मग म्हणाले, "कहीं सच में आग लगी होती तो?"

"रोज वही सोचता हूँ," काका म्हणाले.

रमणभाई राहिले. नवी पट्टी आली, एजन्सीनं बसवली. केबिनमध्ये पूजेचं काहीही न्यायचं नाही असा हुकूम निघाला. काकांना वाहनांच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. त्यांना तेवढ्यावर सोडलं हे नशीबच म्हणायचं, असं सगळे म्हणाले. पण मी त्यांना स्टोअरच्या खिडकीत बघितलंय. तिथून शेडचा अर्धाच भाग दिसायचा. रोज सकाळी रमणभाई बंब जागचा हलवून बघायचे, आणि लगेच माझ्या टेबलावरचा साधा फोन वाजायचा. "गिअर घेतला?" काका विचारायचे. "घेतला," मी म्हणायची. मग ते फोन ठेवायचे. वर्षानुवर्षं सकाळी ज्याच्या अंगावर हात ठेवला, त्याची खुशाली त्यांना आता माझ्याकडून कळत होती. मला त्या फोनचं फार वाईट वाटायचं.

दसरा आला. बंब धुऊनपुसून शेडबाहेर उभा केला. समोरच्या जाळीला झेंडूचं तोरण, खाली फरशीवर कुंकवाचं ताट. वाहनांचे नवे इन्चार्ज नारळ फोडायला तयार होते. रमणभाई पायरीपाशी उभे राहिले आणि काही केल्या वर चढेनात. मग माझ्या काचेकडे बघून त्यांनी स्टोअरच्या दिशेनं मान हलवली. मी फोन केला.

काका आले, पण लांबच थांबले. "मी नाही," म्हणाले. "माझा हात नको आता ह्याला."

रमणभाई ताट घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि आपला डावा हात पुढे केला, एक बोट ताठ धरून. काका बघतच राहिले. शुभ कामाला डावा हात कोण पुढे करतं?

"बटण आ हाथथी दबाय छे, साहेब," रमणभाई म्हणाले. बटण या हातानं दाबलं जातं.

 काकांनी चिमटीनं कुंकू घेतलं, त्या बोटाला लावलं, एक अक्षता ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले. मग खिशातून रुमाल काढला, रमणभाईंचं मनगट घट्ट धरलं आणि ते बोट नखाच्या कडेपर्यंत कोरडं होईतो पुसत राहिले. लाल डाग उरला नाही याची खात्री झाल्यावरच त्यांनी त्यांना वर चढू दिलं.